न्यायमूर्ती वीरमंत्री आणि महावंसाची साक्ष

२५ सप्टेंबर १९९७ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हंगेरी आणि स्लोव्हाकिया या दोन देशांमधील डॅन्यूब नदीवरील धरणांच्या वादाचा निकाल दिला. वाद १९७७ सालच्या एका कराराचा, पाण्याचा आणि विजेचा होता; बौद्ध धम्माशी त्याचा संबंध असण्याचे वरकरणी काहीच कारण नव्हते. परंतु न्यायालयाचे तत्कालीन उपाध्यक्ष, श्रीलंकेचे ख्रिस्तोफर ग्रेगरी वीरमंत्री यांनी निकालाला स्वतःचे स्वतंत्र मतपत्र जोडले आणि त्यात सम्राट अशोकाचा पुत्र महिंद थेर यांनी राजा देवानंपिय तिस्स याला केलेल्या उपदेशाचा दाखला दिला. पशुपक्ष्यांनाही या भूमीवर राजाइतकाच वावरण्याचा हक्क आहे, भूमी प्रजेची व सर्व प्राणिमात्रांची असून राजा तिचा केवळ रक्षक आहे, असा त्या उपदेशाचा आशय त्यांनी सांगितला आणि आधार म्हणून महावंसाच्या चौदाव्या परिच्छेदाकडे बोट दाखविले. तेव्हापासून हे वचन पर्यावरणविषयक पुस्तकांतून, परिषदांतील भाषणांतून आणि आपल्याकडील स्मरणिकांतूनही फिरत आहे.

वचन सुंदर आहे. ते महावंसात आहे काय, असल्यास कोठे, आणि नसल्यास त्याने काय बिघडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. वीरमंत्री यांच्याविषयी आदर बाळगूनच ही चिकित्सा करावयाची आहे. किंबहुना ज्याच्या कार्याविषयी आदर नाही त्याचे हवाले तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

वीरमंत्री यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९२६ रोजी कोलंबो येथे झाला. शिक्षण रॉयल कॉलेजात आणि पुढे लंडन विद्यापीठाच्या पदव्यांद्वारे झाले. ते ख्रिस्ती होते, हे आरंभीच सांगितले पाहिजे. कारण बौद्ध वचनांचा त्यांनी केलेला उपयोग हा श्रद्धेतून नव्हे तर कायद्याच्या तौलनिक अभ्यासातून आलेला आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा कराराच्या कायद्यावरील द्विखंडी ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. श्रीलंकेत डचांनी आणलेला रोमन-डच कायदा, इंग्रजांचा कायदा, कँडीच्या राज्यातील सिंहली रूढी, जाफन्याच्या तमिळांचा तेसवलमै आणि मुस्लिमांचा कायदा असे अनेक प्रवाह एकाच न्यायालयात येऊन मिळतात. अशा देशात वकिली करणाऱ्या माणसाला कायदा हा एकाच संस्कृतीची मिरास आहे असे कधीच वाटत नाही. पुढे हेगच्या न्यायासनावरून ते टांझानियातील पाटांविषयी, इराणमधील भूमिगत कालव्यांविषयी आणि सिंहली राजांच्या तलावांविषयी बोलले, त्याचे मूळ या पहिल्या ग्रंथात आहे.

१९६७ ते १९७२ या काळात ते श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १९७२ साली ते ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक झाले आणि १९९१ पर्यंत तेथे होते. समता व स्वातंत्र्य यांविषयी तिसऱ्या जगाची दृष्टी मांडणारे पुस्तक, दक्षिण आफ्रिकेतील वर्णविद्वेषावरील पुस्तक, तंत्रज्ञानाच्या वाढीपुढे कायदा झोपी गेलेल्या पहारेकऱ्यासारखा झाला आहे असे बजावणारे १९८३ चे पुस्तक, इस्लामी न्यायशास्त्रावरील १९८८ चा ग्रंथ, हे सारे याच कालखंडातील. १९९१ ते २००० या काळात ते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश आणि अखेरची तीन वर्षे उपाध्यक्ष होते. २००६ साली युनेस्कोचा शांतता-शिक्षणाचा पुरस्कार आणि २००७ साली राइट लाइव्हलीहुड पुरस्कार त्यांना मिळाला. ५ जानेवारी २०१७ रोजी कोलंबो येथे त्यांचे निधन झाले.

पुरस्कारांपेक्षा त्यांच्या आयुष्यातील नाउरूचे प्रकरण आपल्याला अधिक शिकविणारे आहे. नाउरू हे पॅसिफिक महासागरातील सुमारे एकवीस चौरस किलोमीटरचे बेट. त्याच्या पोटात फॉस्फेट होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते खणण्यास सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याकडे या बेटाचा कारभार आला. १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत तो विश्वस्त प्रदेश ठरला. म्हणजे कागदोपत्री ही तीन राष्ट्रे नाउरूच्या लोकांची विश्वस्त होती. या विश्वस्तांनी बेटाचा मधला भाग खणून नेला आणि ते खत आपल्या शेतांना घातले. मागे उरले ते चुनखडीचे सुळके. ३१ जानेवारी १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले तेव्हा त्याच्या मातीचा मोठा हिस्सा देशाबाहेर गेलेला होता. या जमिनीच्या पुनर्वसनाची जबाबदारी कोणाची, हे ठरविण्यासाठी नाउरू सरकारने १९८६ साली चौकशी आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद वीरमंत्री यांना दिले. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठात पगार घेणाऱ्या प्राध्यापकाने ऑस्ट्रेलियाच्या विश्वस्तपणाचा हिशेब मांडावा, यात जे धैर्य आहे ते नजरेआड करता येत नाही. १९९२ साली त्यांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला.

भूमीचा राजा हा मालक नसून रक्षक आहे, या वचनाने त्यांना का मोहिनी घातली असेल, हे नाउरू ध्यानात घेतल्यावर स्पष्ट होते. विश्वस्त म्हणविणाऱ्यांनी जमीन कशी खाल्ली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यावर तोलाचे उत्तर ते आपल्या मायभूमीच्या इतिहासात शोधत होते.

आता मूळ पालि ग्रंथाकडे वळू. महावंसाचा कर्ता महानाम थेर हा इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानला जातो; म्हणजे महिंद थेरांच्या आगमनानंतर सातशेहून अधिक वर्षांनी हा ग्रंथ रचला गेला. गायगर यांनी १९०८ साली संपादित केलेल्या पाठातील चौदावा परिच्छेद कोणीही वाचून पाहावा. ज्येष्ठ पौर्णिमेच्या दिवशी राजा मृगयेला निघतो. एक देव हरणाच्या रूपाने त्याला पर्वतावर घेऊन जातो. महिंद थेर राजाला नुसत्या 'तिस्स' या नावाने हाक मारतात. राजाला प्रथम भय वाटते. थेर आपण धम्मराजाचे श्रावक असून अनुकंपेपोटी जंबुद्वीपातून आलो आहोत असे सांगतात. मग राजाच्या बुद्धीची पारख करण्यासाठी आंब्याच्या झाडाविषयीचे प्रसिद्ध प्रश्नोत्तर होते. राजा बुद्धिमान आहे अशी खात्री पटल्यावर थेर त्याला चूळहत्थिपदोपम सुत्ताची देशना करतात आणि राजा आपल्या परिवारासह त्रिशरण ग्रहण करतो. समन्तपासादिकेच्या निदानकथेतही देशना याच सुत्ताची आहे. पशुपक्ष्यांच्या समान हक्काचे आणि राजाच्या रक्षकपणाचे ते वचन येथे नाही. मृगयेला निघालेल्या राजाला थेर भेटतात, एवढ्या प्रसंगावरून कोणा आधुनिक लेखकाने उपदेश काय असावा याची कल्पना केली असावी आणि ती कल्पना पुढे अवतरण होऊन बसली असावी, असे वाटते.

न्यायाधीशाने पालि जाणलेच पाहिजे असा आग्रह कोणी धरणार नाही. दोष असेल तर तो आपणा पालि अभ्यासकांचा आहे. इतकी वर्षे हे अवतरण आपल्या व्यासपीठांवरून म्हटले गेले आणि कोणी ग्रंथ उघडला नाही. योगायोग असा की, त्या दिवशी ज्या सुत्ताची देशना झाली ते सुत्तच पुराव्याची पारख शिकविणारे आहे. वनात हत्तीचे मोठे पाऊल उमटलेले दिसले म्हणून चतुर माणूस लगेच हा मोठा हत्ती आहे असा निष्कर्ष काढत नाही. कारण बुटक्या हत्तिणींचीही पावले मोठी असतात. तो माग काढीत जातो, प्रत्यक्ष हत्ती पाहतो, मगच निर्णय करतो.

याच सुत्तात भिक्खूच्या शीलाची लांब यादी येते. तीत भिक्खू बी-बियाणे व वनस्पती यांच्या नाशापासून विरत असतो, शेतजमीन स्वीकारण्यापासून विरत असतो आणि दास-दासी स्वीकारण्यापासूनही विरत असतो. तेव्हा लंकेच्या राजापुढे जे खरोखर बोलले गेले असे ग्रंथ सांगतो, त्यात वनस्पती आहे, जमीन आहे आणि माणसाची मालकी नाकारणे आहे. रचलेल्या अवतरणापेक्षा हे अधिक परखड आहे. पुढे लंकेतील विहारांकडे जमिनी आल्या, राबणारी माणसे आली, आणि १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायाने उपसंपदा गोविगम या वरिष्ठ जातीपुरती राखून ठेवली. १९५० साली बाबासाहेब बौद्ध जगाच्या परिषदेसाठी लंकेला गेले होते. बौद्ध देशातही जात शिल्लक राहू शकते हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

पशुपक्ष्यांच्या हक्काची साक्ष महावंसातूनच काढावयाची असेल तर ती आहे. मात्र ती चौदाव्या परिच्छेदात नसून एकविसाव्यात आहे, आणि ती बौद्ध राजाची नाही. चोळ देशातून आलेला एळार नावाचा तमिळ राजा चव्वेचाळीस वर्षे अनुराधपुरात राज्य करतो आणि न्यायदानात मित्र-शत्रू असा भेद करीत नाही, असे ग्रंथकार सांगतो. राजाने आपल्या शय्येच्या उशाशी एक घंटा टांगली होती आणि तिचा लांब दोर बाहेर सोडला होता. ज्याला न्याय हवा त्याने तो ओढावा. राजपुत्राच्या रथाखाली एक वासरू मेले तेव्हा गायीने येऊन घंटा वाजविली. राजाने त्याच रथाच्या चाकाखाली आपल्या मुलाला मृत्युदंड दिला. सापाने पिलू गिळले म्हणून एका पक्षिणीने घंटा वाजविली. राजाने साप आणवून त्याचे पोट फाडले. अवकाळी पावसाने जिचे वाळत घातलेले तांदूळ भिजले अशा म्हातारीनेही तीच घंटा ओढली. या कथा कथा म्हणूनच वाचावयाच्या. मुलाला आणि सापाला दिलेला दंड शीलाच्या कसोटीवर उतरणारा नाही, हेही उघड आहे. परंतु हक्काची कल्पना या कथांत जितकी ठसठशीत आहे तितकी पालि वंसग्रंथांत अन्यत्र क्वचितच आढळेल. गायीवर राजाने केवळ दया केली असे येथे नाही. गाय फिर्यादी आहे, दोर तिच्या आवाक्यात आहे आणि आरोपी राजाचा पुत्र आहे.

हाच ग्रंथ पंचविसाव्या परिच्छेदात काय सांगतो, ते पाहिल्याशिवाय महावंसाची साक्ष पूर्ण होत नाही. दुट्ठगामणी हा सिंहली राजा एळाराशी युद्ध करतो. त्याच्या भाल्यात धातू ठेवलेला आहे आणि सैन्याबरोबर भिक्खू आहेत. विजयानंतर इतक्या हत्येने राजाचे मन अस्वस्थ होते. तेव्हा आठ अर्हत येऊन त्याचे सांत्वन करतात की, मारले गेलेल्यांत माणसे मोजायची तर दीडच. एकाने त्रिशरण घेतले होते आणि दुसऱ्याने पंचशीलही. बाकीचे मिथ्यादृष्टीचे, पशूंच्या तोलाचे. ज्या राजाच्या दारात पक्षिणीची फिर्याद ऐकली गेली त्याच्याच सैनिकांना माणसांच्या मोजणीतून वगळले गेले, तेही अर्हतांच्या तोंडून.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. जे विवेकाला धरून नाही आणि ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते तथागतांचे वचन म्हणून स्वीकारता येत नाही. या कसोटीवर आठ अर्हतांचे ते सांत्वन क्षणभरही टिकत नाही. महावंस हे तिपिटक नव्हे. राजकुळाची आणि महाविहाराची कीर्ती सांगणारे ते काव्य आहे. पण १९८३ साली श्रीलंकेत तमिळांची घरेदारे जाळली गेली आणि त्यानंतर २००९ पर्यंत जे युद्ध चालले, त्या काळात दुट्ठगामणीची कथा सिंहली राष्ट्रवादाच्या हाती शस्त्रासारखी होती. त्या ग्रंथाला मानवी हक्कांचा साक्षीदार म्हणून जगाच्या न्यायालयात उभे करायचे तर उलटतपासणी टाळता येणार नाही. श्रीलंकेच्याच सुपुत्राकडून ती अधिक अपेक्षित होती.

वीरमंत्री यांच्या पद्धतीतील मुख्य अडचण हीच आहे. ते प्रत्येक परंपरेकडून तिचे सर्वोत्तम वाक्य मागतात. ८ जुलै १९९६ च्या अण्वस्त्रविषयक सल्लागारी मतात न्यायाधीश एका कलमावर सात विरुद्ध सात असे विभागले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते कलम मंजूर झाले. राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात आल्यास अण्वस्त्र वापरणे वैध की अवैध, हे सांगण्याचे त्यात टाळले होते. वीरमंत्री यांनी त्याला भिन्नमत नोंदविले: कोणत्याही परिस्थितीत अण्वस्त्राचा वापर अवैधच. हे भिन्नमत त्यांच्या कारकिर्दीचा कळस आहे आणि पर्यावरणाचा, पुढील पिढ्यांचा व किरणोत्साराने जळणाऱ्या देहांचा त्यात जो विचार आहे तो कोणाही बौद्धाला आपला वाटेल. १९९८ साली ११ मे रोजी, ऐन बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, पोखरण येथे भारताने स्फोट केले तेव्हा ते मत पुन्हा वाचावयास हवे होते. परंतु त्याच भिन्नमतात रामायण आणि महाभारत यांतील संहारक अस्त्रे न वापरण्याचे प्रसंग दाखला म्हणून येतात. मानवतावादी कायद्यावरील पुस्तकांत मनुस्मृतीचा सातवा अध्यायही असाच हमखास सापडतो, कारण विषारी शस्त्रे वापरू नयेत आणि शरणागताला मारू नये असे तेथे म्हटले आहे. तसे म्हटले आहे, हे खरेच. मात्र पान उलटून आठव्या अध्यायात गेले की दंड गुन्हा पाहून नव्हे, वर्ण पाहून ठरतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले त्याला परदेशी कायदेपंडित युद्धनीतीचा पूर्वज म्हणून नमस्कार करतात, तेव्हा त्या ग्रंथाखाली कोण दबले होते हा प्रश्न त्यांना पडलेला नसतो. वाक्य कोणी म्हटले, कोणासाठी म्हटले आणि कोणाला वगळून म्हटले, हे विचारल्याखेरीज परंपरांची बेरीज करता येत नाही.

मग महिंद थेरांच्या नावावरील वचनाऐवजी काय सांगावे? दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त. चक्रवर्ती राजाचे कर्तव्य सांगताना तेथे धम्माधिष्ठित रक्षणाची यादी दिली आहे: राजपरिवार, सैन्य, क्षत्रिय, ब्राह्मण-गृहपती, नगरांतील व खेड्यांतील लोक, श्रमण-ब्राह्मण, आणि सर्वांत शेवटी पशू व पक्षी. वीरमंत्री यांना जे हवे होते ते प्रत्यक्ष तिपिटकात आहे, आणि पशुपक्ष्यांच्या पाठोपाठ आणखी एक कर्तव्य आहे: राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन द्यावे. एक राजा पहिले कर्तव्य पाळतो, दुसरे सोडतो. दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी होते. चोराला धन देऊन पाहिले जाते. ते ऐकून आणखी लोक चोरी करतात. मग राजा शिरच्छेदाची शिक्षा सुरू करतो. ते पाहून लोकही शस्त्रे करवून घेतात आणि ज्यांना लुटतात त्यांची मुंडकी उडवितात. माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून घटत घटत दहा वर्षांवर येते. गुन्ह्याचे मूळ राजाच्या न केलेल्या दानात आहे, असे म्हणणारा इतका प्राचीन ग्रंथ दुर्मिळच. त्यात भूमी आणि भूक यांचा एकत्र विचार आहे. पर्यावरणवाद्यांच्या आवडत्या अवतरणात भूक नाही.

'विश्वस्त' या शब्दापाशी मात्र आंबेडकरी वाचक थबकतो, आणि त्याने थबकलेच पाहिजे. मालकाने स्वतःला विश्वस्त समजावे आणि गरिबाने त्यावर समाधान मानावे, या गांधीप्रणीत उपदेशाची बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात झाडाझडती घेतली आहे. विश्वस्ताला कर्तव्य असते, पण आश्रिताच्या हाती काय असते? महिंद थेरांच्या नावावरील वचनात राजा रक्षक आहे. तो रक्षण करीनासा झाला तर पक्ष्याने कोठे जावे हे त्यात सांगितलेले नाही. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातही राजाचा जाब विचारणारे न्यायपीठ नाही. तेथे कार्यकारणभावच त्याचा जाब विचारतो, आणि त्याची किंमत प्रजा मोजते. एळाराच्या घंटेचा दोर बाहेर सोडलेला आहे, एवढ्यासाठीच ती कथा या दोहोंच्या पुढे जाते. १९४३ सालच्या रानडे-व्याख्यानात बाबासाहेबांनी हक्कांचे रक्षण नुसत्या कायद्याने नव्हे तर समाजाच्या नैतिक जाणिवेने होते असे प्रतिपादन केले होते, त्याचाही येथे विचार हवा. कारण घंटा वाजली तरी ऐकणारा नसेल तर दोराचा उपयोग काय?

वीरमंत्री यांचे लेखन विश्वस्तपणाची भाषा बोलते, परंतु त्यांनी स्वतः जे केले ते त्या भाषेच्या पुढचे होते. नाउरूच्या लोकांनी विश्वस्तांच्या सद्बुद्धीची वाट पाहिली नाही. त्यांनी आयोग नेमला, हिशेब मांडून घेतला आणि १९ मे १९८९ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेगच्या न्यायालयात अर्ज दाखल केला. ऑस्ट्रेलियाचे बहुतेक सर्व प्राथमिक आक्षेप न्यायालयाने २६ जून १९९२ रोजी फेटाळले. तोवर न्यायाधीश झालेले वीरमंत्री त्या निकालपत्राच्या न्यायपीठावर नव्हते. १९९३ च्या ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. अर्ज करणाऱ्या त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पुरती दहा हजारही नव्हती.